तीन नंबरचा सापळा

बाबा,

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी क्लिनिकच्या पार्किंगमध्ये निखिलने मला विचारलं, "तुझं काही बोलायचं राहिलं का गं बाबांशी?" मी नाही म्हटलं. सासरे आणि सून म्हणून आपण जितकं भांडलो तितकं चार घरांत मिळून कुणी भांडत नसेल, त्यामुळे काही बोलायचं राहिलं असेल असं वाटायला जागाच नव्हती. एक वाक्य तेवढं होतं, एप्रिलमध्ये मी तुम्हाला बोललेलं. "तुमच्या कापरामुळे चार अंडी गेली, बाबा. झालं समाधान?" तुम्ही स्वयंपाकघरात मटार सोलत होता. मान वर न करता "हं" म्हणालात आणि पुढची शेंग हातात घेतलीत. ते वाक्य मागे घ्यावं असं माझ्या मनात कधी आलं नाही, कारण ते खरं आहे अशी माझी खात्री होती.

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. गेल्या शनिवारी मला कळलं की ते खरं नव्हतं, आणि मी ते बोलत होते तेव्हाही तुम्हाला हे माहीत होतं. तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलता येत नाहीये, म्हणून तुमच्याशी बोलते.

तुम्ही इंगोलश्टाटला आलात तेव्हा आईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. तुमच्या एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत टेस्टर, पक्कड, काळी टेप आणि आईंनी माझ्यासाठी विणून ठेवलेले लोकरीचे हातमोजे. वीज मंडळात लाइनमन म्हणून सगळी नोकरी कोरेगावच्या खांबांवर काढलेला माणूस जर्मनीत पक्कड कशाला आणतो, म्हणून निखिल हसला. पहिल्याच आठवड्यात त्याला उत्तर मिळालं. तुम्ही आरतीला कापूर लावलात आणि छतावरचा धुराचा भोंगा, रौखमेल्डर, असा कोकलायला लागला की खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ आइख्नर आग विझवायचं ब्लँकेट घेऊन घरच्या झग्यातच धावत वर आल्या. तुम्ही स्टुलावर चढून पकडीने त्याचा गळा आवळत होता. त्यांनी गणपतीकडे पाहिलं, निरांजनाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "आल्झो, जळतंय काय नक्की?"

त्या दिवसापासून आरती बाल्कनीत गेली. खाली फ्राऊ आइख्नर कुंड्यांना पाणी घालायच्या आणि वर तुम्ही आरती झाली की कानामागे हात धरून पाखरांचे आवाज ऐकत उभे राहायचात. एकमेकांची भाषा न येता तुमची दोघांची ओळख झाली ती अशी. मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी जिन्यात मला थांबवून सांगितलं, की तुझ्या सासऱ्यांना कुरणावर घेऊन जाते, तू बोलणं समजावायला ये. मी तुमची दुभाषी म्हणून गेले आणि तिथेच अडकले.

शहराबाहेरचं ते ओलं कुरण तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हाचा तुमचा चेहरा माझ्यापाशी आहे. फाटकाशी आपण उभे होतो, वारा नाक कापत होता, आणि लांबून एक आवाज आला. तुम्ही माझं मनगट धरलंत. "अगं, टिटवी! सूनबाई, ही तर आपली टिटवी!" मग ती उडाली आणि तिच्या डोक्यावरचा काळा तुरा दिसला. "हिला शेंडी कुठून आली?" फ्राऊ आइख्नर म्हणाल्या, "कीबित्स." तुम्ही म्हणालात, "टिटवी." त्या म्हणाल्या, "कीबित्स." तुमचं दोघांचं हे जवळजवळ पाच मिनिटं चाललं होतं आणि दोघंही खूश होता. घरी येऊन तुम्ही इराला सांगितलंत की टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर पेलता यावं म्हणून. इरा म्हणाली, "दास श्टिम्ट निश्ट, आजोबा." तुम्ही म्हणालात, "तुला जर्मनमध्ये खोटं वाटत असेल, मराठीत खरं आहे."

मला मात्र त्या जागेची वेगळीच गरज होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी शरदात आमच्या कंपनीने माणसं कमी केली आणि त्यात मी गेले. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. सकाळी निखिल कारखान्यात, इरा शाळेत, आणि मी लॅपटॉपसमोर बसून स्वतःबद्दल चांगलं लिहायचा प्रयत्न करत असे. फ्राऊ आइख्नरच्या टिटवी वाचवणाऱ्या आठ जणांच्या गटात मला कुणी माझा सीव्ही विचारला नाही. नोव्हेंबर आला तसं त्यांनी मला गटाच्या कोठाराच्या दारावर लावलेली यादी दाखवली. सापळा क्रमांक तीन, आणि पुढे माझं नाव. मला किती बरं वाटलं ते आज लिहितानाही लाज वाटते.

सापळ्यांवरून आपलं पहिलं भांडण झालं. मी तुम्हाला समजावत होते की टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, पूर्वी सगळा हा भाग दलदलीचा होता, आता एवढासाच ओला तुकडा उरलाय आणि पंचक्रोशीतल्या खोकडांना तो पाठ आहे. म्हणून हिवाळ्यात लाकडी पेटीचे सापळे लावायचे. जनावर आत शिरलं की दार पडतं, आत अंधार असतो त्यामुळे ते घाबरत नाही, मोबाइलवर मेसेज येतो. मदतनिसांनी आमिष ठेवायचं आणि रोज सकाळी जाऊन बघायचं. शिकारीचा परवाना फ्राऊ आइख्नरकडे. पुढचं काम त्यांचं.

"पुढचं काम म्हणजे गोळी," तुम्ही म्हणालात.

"हो."

"खोकडाला मारून टिटवी जगवायची, हे कुणी ठरवलं?"

"बाबा, खोकड हवे तेवढे आहेत. टिटव्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्यात."

"का राहिल्या? इथलं पाणी कुणी काढून नेलं? हे चर खोकडाने खणले का?"

"नाही."

"मग शिक्षा त्याला का?"

मी चिडले आणि सगळं जसंच्या तसं फ्राऊ आइख्नरना सांगितलं. वाटलं, त्या तरी तुम्हाला गप्प करतील. त्यांनी चराकडे पाहिलं. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. "बरोबर बोलतायत ते. पण पाणी परत आणायला वर्षानुवर्षं लागतील, आणि या पाखरांकडे तेवढा वेळ नाही." मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हे उत्तर नाही, ही सबब आहे." थोडं थांबून पुढे म्हणालात, "पण चांगली सबब आहे."

तरीही सगळा हिवाळा तुम्ही रोज सकाळी माझ्याबरोबर आलात. सापळ्यापासून वीस पावलं अलीकडे, पायवाटेवर थर्मास घेऊन उभे राहायचात. कोटाच्या खिशातून तुमची ती पत्र्याची डबी काढून कापूर आणि ओवा हुंगायचात, थंडीने नाक चोंदतं म्हणून. सापळ्याला तुम्ही कधी बोट लावलं नाहीत. "मला त्यात ओढू नकोस, मी फक्त तुला सोबत म्हणून आलोय," असं म्हणायचात. आणि आपण फाटकातून बाहेर पडलो की दर वेळी तेच. "फाटक लाव. कडी बघ. नुसतं लोटून येऊ नकोस." मला लहान पोरीसारखं वागवता म्हणून मी करवादायचे.

तीन नंबरच्या सापळ्यात तो सगळा हिवाळा काहीही सापडलं नाही. एक नंबरमध्ये खोकड, दोन नंबरमध्ये खोकड आणि दोन रॅकून. गटाच्या मेसेजमध्ये सगळे अभिनंदन करायचे आणि मी अंगठा दाखवून फोन उलटा ठेवायचे. मी काय काय नाही केलं, बाबा. अंडं ठेवलं, सुकी मासळी ठेवली, मध लावून बघितला. जनावराला माणसाचा वास लागू नये म्हणून क्रीम बंद केलं, वासाचा शाम्पू बंद केला. गटाने दिलेले जाड रबरी हातमोजे मी नेमाने गॅरेजमधल्या बादलीत ओल्या पाल्यात ठेवायचे, घरात आणत नसे. आत मात्र आईंचे लोकरीचे घालायचे, कारण त्याशिवाय बोटं चालायची नाहीत. आणि आमिष बांधताना वरचे काढायचे, कारण त्या रबरी पंजांनी दोऱ्याची गाठ बसत नाही.

तुम्ही हे बघत होता. मला वाटायचं तुम्ही मनातून खूश आहात, की सुनेच्या हातून जीव जात नाहीये. तुम्ही एकदा म्हणालातही, "रिकामा आहे ना? उत्तम. मला आज पोहे गोड लागतील." मी दोन दिवस अबोला धरला होता.

फेब्रुवारी संपताना सापळे बंद करायचे असतात. तेव्हा अख्खा गट जमला. एकेक पेटी घासून, धुऊन, उलटी करून ठेवायची. तीन नंबरपाशी आल्यावर फ्राऊ आइख्नर गुडघ्यांवर बसल्या आणि पेटीत डोकं घातलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "सर्दीचा बाम." पुन्हा आत वाकल्या. "आणि वाइनाख्टन. ख्रिसमसच्या दिवसांत घराला येतो तसला वास." नेमका तेव्हा तुमचा हात खिशात होता, डबीवर. दाढीवाला टोबियास हसत म्हणाला, हेर माने, म्हणजे तुम्ही, तर पहिल्यापासून खोकडाच्या बाजूचे. ते हसणं मला झोंबलं. फ्राऊ आइख्नर हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "विचार त्यांना."

मी विचारलं. कसं विचारलं तेही आठवतंय. "बाबा, तुम्ही माझ्या सापळ्यात कापूर ठेवलात?" आवाज चढलेला होता, ते सगळ्यांना कळत होतं.

तुम्ही पुढे आलात. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच सापळ्याजवळ आलात. वाकून एकदाच वास घेतलात. मग माझ्या हातांकडे पाहिलंत, आणि बराच वेळ पाहत राहिलात. मला वाटलं, लाजेने नजर खाली गेलीय. मग सरळ उभे राहून म्हणालात, "हो. मीच ठेवला. सांग त्यांना."

मी सांगितलं. आठ जणांसमोर, अगदी शुद्ध जर्मनमध्ये. तुमचं तिथलं तोंड मीच होते ना.

फ्राऊ आइख्नर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, पाखरं घरट्यावर असताना कुरणात कुणी जायचं याची यादी असते, त्यात आता हेर माने यांचं नाव ठेवता येणार नाही. मी तुम्हाला समजावून सांगायच्या आधीच तुम्ही मान हलवलीत. घरी जाताना गाडीत तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की आता थर्मास छोटा घेतला तरी चालेल.

मार्चमध्ये टिटव्या आल्या आणि तुम्ही फाटकाबाहेर राहिलात. डांबरी रस्त्यावर, गाडीला टेकून, निखिलची दुर्बीण डोळ्यांना लावून. थंडी असो, भुरभुर असो, तुम्ही यायचं सोडलं नाहीत. मी आत जायचे आणि तुम्ही मागून सांगायचात, "फाटक लाव." मला तुमची दया यायची आणि रागही यायचा, आणि खरं सांगते, राग जास्त यायचा. नोकरी गेली, सापळा रिकामा राहिला, आणि माझ्याच घरातल्या माणसाने माझं काम नासवलं, असं मी मनात घोकत होते.

एप्रिलमध्ये एका टिटवीने तीन नंबरच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर अंडी घातली. चार, मातकट, काळ्या ठिपक्यांची. विजेचं कुंपण शनिवारी घालायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी खळगा रिकामा होता आणि चिखलात खोकडाचे पंजे उमटले होते. फ्राऊ आइख्नर म्हणाल्या, हा दुसराही कुठला असू शकतो, हिवाळ्यात सापडला असताच असं नाही. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन तुम्हाला ते वाक्य बोलले.

त्यावर तुम्ही एका शब्दाने तरी भांडायला हवं होतं, बाबा. एरवी भाजीत गूळ कमी पडला तरी तुम्ही भांडायचात.

मे महिन्यात त्याच टिटवीने पुन्हा अंडी घातली. या वेळी कुंपण वेळेवर लागलं, पण त्यात करंटच येईना. फ्राऊ आइख्नरनी दोन यंत्रं बदलून पाहिली. शेवटी मी फाटकाकडे आले आणि तुटकपणे तुम्हाला विचारलं. तुम्हाला आत यायची बंदी, त्यामुळे तुम्ही रस्त्यावरून फोनवर सांगायला लागलात, आणि दुसऱ्या हाताने खुणा करत होता, जणू मी खांबावर चढलेला तुमचा हेल्पर आहे. "अर्थिंग बघ आधी. सळई किती खोल आहे? वीतभर? अगं, जमीन वरून सुकलीय. चराच्या कडेला ओल आहे तिथे ठोक, हातभर आत जाऊ दे. वायरीचं टोक घासलंस का?" मी ठोकली, घासलं, आणि यंत्र टक् टक् करायला लागलं. टोबियासने चुकून तारेला हात लावला आणि केवढ्याने तरी ओरडला. लांब रस्त्यावर तुम्ही गाडीच्या टपावर थाप मारून हसलात.

त्या खेपेला तीन पिल्लं जगली. मी फाटकाबाहेर येऊन म्हणाले, "तीन आहेत." तुम्ही म्हणालात, "मला दोनच दिसली." मी म्हणाले, "हं." तुम्हाला आभार मानण्याइतका मोठेपणा माझ्यात त्या दिवशी नव्हता. तिसरं पिल्लू तुम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही, कारण ते चराच्या पलीकडे होतं आणि रस्त्यावरून तो भाग दिसत नाही.

सप्टेंबरमधले ते दहा दिवस मी लिहीत नाही. तुम्हालाही आवडणार नाही. एकच गोष्ट लिहिते. एका संध्याकाळी निखिल कॉफी आणायला गेला होता आणि तुम्ही मला म्हणालात, "आता नोव्हेंबर येईल. सापळे उघडतील. नवे हातमोजे घे. आईचे ते लोकरीचे तिकडे घालू नकोस, घरी घाल." मी म्हटलं, "बरं." मला वाटलं, आईंच्या हातची वस्तू चिखलात खराब होते म्हणून तुमचा जीव तुटतोय. नर्स आली आणि तो विषय तिथेच राहिला.

निखिल तुम्हाला घेऊन माहुलीला संगमावर जाऊन आला. घरात दिवस कसेबसे पुढे सरकले. आणि गेल्या शनिवारी, सापळे उघडायचा दिवस म्हणून, मी ते हातमोजे काढायला पॅसेजमधलं कपाट उघडलं. लोकरीच्या कपड्यांचा खण. मार्चपासून तो उघडलाच नव्हता. वास एकदम अंगावर आला.

कापूर आणि लवंग.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात आईंनी मला कोरेगावला शिकवलं होतं. मलमलच्या चिंधीत चार कापराच्या वड्या, मूठभर लवंगा, वर दोऱ्याची गाठ. ही पुरचुंडी लोकरीच्या कपड्यांत ठेवली की कसर लागत नाही. इथे आल्यापासून मी दर शरदात न चुकता ती करते. वरचे रबरी हातमोजे मी गॅरेजमध्ये पाल्यात ठेवले, क्रीम सोडलं, शाम्पू सोडला, आणि आतले लोकरीचे रोज घरी आणून ह्याच खणात ठेवले, पुरचुंडीच्या शेजारी. रोज सकाळी त्याच हातांनी आमिष बांधलं. नाव घ्यावं अशी हुशार बाई मी.

मी हातमोजे नाकाला लावले. मग तुमच्या खोलीत जाऊन ती पत्र्याची डबी उघडली. कापूर आणि ओवा. तिच्यात लवंग नव्हती, कधीच नव्हती. इथे ख्रिसमसच्या केकला आणि गरम वाइनला लवंगच घालतात, बाबा. फ्राऊ आइख्नरनी फेब्रुवारीत मला अर्धं उत्तर देऊन टाकलं होतं आणि मी तुमच्या खिशाकडे बघत राहिले होते. तुम्हाला एका श्वासात कळलं. आईंच्या कपाटाचा वास तुम्ही ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

मी चपलांच्या स्टँडवर बसून मोठ्याने रडले. इरा येऊन बाजूला बसली.

रडून झाल्यावर मला तुमचा राग आला. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. तुम्ही मला विचारलं का? मोठेपणा करताना समोरच्याची परवानगी घ्यायची तुमच्या पिढीला सवयच नाही. घरी आल्यावर तरी सांगायचं, "अगं वेडे, तुझेच हातमोजे." मी चार दिवस तोंड लपवलं असतं आणि पाचव्या दिवशी हसले असते. त्याऐवजी तुम्ही मला सात महिने माझ्या खरेपणात मिरवू दिलंत. आणि ते खोटं माझ्याच तोंडून वदवून घेतलंत, याबद्दल तर मी तुमच्याशी पुढची काही वर्षं भांडणार आहे.

पण त्या दिवशी मी कशी दिसत होते, हेही मला आता दिसतं. नकारांचे मेल वाचून आलेली, आठ जणांसमोर आवाज चढवलेली, आणि सापळ्याच्या एका आकड्यापुढे नाव आहे म्हणून कशीबशी उभी असलेली. तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलंत तेव्हा तुम्हाला हातमोजे दिसले आणि मीही दिसले. चूक तुमच्या नावावर गेली तर तुमच्या हातून जाणार होत्या फक्त टिटव्या. त्या तुम्हाला किती प्रिय होत्या ते मला माहीत आहे. त्या तुम्ही दिल्यात.

मी तशीच कोठारावर गेले. उशीर झाला होता, सगळे जमलेले होते. मी दारातच उभं राहून सांगितलं. जर्मन या वेळी काही शुद्ध आलं नाही, मध्येच मराठी येत होतं. फ्राऊ आइख्नरनी हातातली आमिषाची पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं?"

"नाही. माझे हातमोजे होते."

"मग ते हो का म्हणाले?"

"माझ्यासाठी."

टोबियास बुटांकडे बघत होता. फ्राऊ आइख्नरनी दारावरची नव्या हंगामाची यादी काढली, टेबलावर ठेवली, पेन्सिल घेतली आणि माझ्या नावाखाली सावकाश लिहिलं, हेर माने. टोबियास हळूच म्हणाला, पण यादी कचेरीत द्यावी लागते. "कचेरीची वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "ही आपल्या दाराची आहे." आणि स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं.

तीन नंबर माझ्याकडेच आहे. नवे हातमोजे घेतले, आतले आणि वरचे दोन्ही बादलीत पाल्यात असतात, बोटं गारठतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दार पडल्याचा मेसेज येईल त्या सकाळी मी गाडीत बसून राहणार नाही, तिथे जाऊन उभी राहीन, एवढं ठरवलंय. फ्राऊ आइख्नरनी एका चराचं तोंड बुजवायचा अर्ज केलाय, पाणी थोडं तरी थांबावं म्हणून. कारण विचारलेल्या रकान्यात त्यांनी पहिलं वाक्य लिहिलंय, की हे चर खोकडाने खणलेले नाहीत. तुम्ही म्हणाला असतात, आता कुठे उत्तराला सुरुवात झाली.

बाबा, माझं चुकलं. एप्रिलमधलं ते वाक्य मी मागे घेते. मे महिन्यातले आभार आज मानते. आणि पिल्लं तीनच होती, तुम्ही उगीच वाद घालत होता.

मार्चमध्ये टिटव्या येतील. यादीत तुमचं नाव आहे, आता रस्त्यावर गाडीला टेकून उभं राहायचं नाही. सरळ आत या, चराच्या पलीकडे जाऊन बघा. येताना फाटक तेवढं लावून घ्या.